‘अनट्रू’ला रडका म्हणण्याआधी ठेका ऐका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेले काही रविवार आपल्या पुरवणीत ‘बेरिअल’ हे टोपणनाव घेतलेल्या लंडनच्या संगीतकाराच्या ‘अनट्रू’ या अल्बमवर वाचकांची मतं येत आहेत. 2007 साली आलेल्या, धड ओळखीचे शब्दही नसलेल्या इलेक्ट्रॉनिक अल्बमवरून मराठी वाचक हिरिरीनं भांडताहेत, हे पाहून खरं तर मजा वाटली. पण मतं वाचता वाचता एक गोष्ट खटकायला लागली. अल्बम ज्यांना भिडला ते आणि ज्यांच्या डोक्यात गेला ते, दोघंही बोलतात एकच. काळोख, पाऊस, एकटेपणा, उदासी. एक म्हणतो, वा, काय काळोख आहे! दुसरा म्हणतो, कशाला हवाय हा काळोख, आमचं काय कमी आहे? ठेक्याबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढलेलं नाही. आणि हा अल्बम आहे ठेक्याचा.

मी नाटकांना ध्वनिसंयोजन करतो. स्पर्धेच्या नाटकांपासून व्यावसायिक दौऱ्यांपर्यंत सगळीकडे पडद्यामागे बसून पावसाचे, दाराचे, रेल्वेचे आवाज वाजवण्यात हयात गेली. त्यामुळे ‘अनट्रू’ ऐकताना माझा कान आधी कारागिरीकडे जातो आणि मूड वगैरे नंतर कळतो. हे पत्र त्या कानानं लिहिलेलं आहे.

नव्वदच्या दशकात लंडनमध्ये ‘गॅराज’ नावाचा नाचाच्या संगीताचा एक प्रकार जोरात होता, मिनिटाला साधारण 130 ठोक्यांचा. त्यातून ‘टू-स्टेप’ निघाला. ‘हाउस’ नावाच्या साध्या नाचसंगीतात चारही मात्रांवर जाड ठोका पडतो, धप्प धप्प धप्प धप्प. टू-स्टेपवाल्यांनी त्यातले काही ठोके काढून टाकले आणि बाकीचे थोडे इकडेतिकडे सरकवले. आपल्याकडे तीनतालात खालीला डग्गा गप्प होतो आणि तेवढ्या जागेत ऐकणाऱ्याचं लक्ष ताणलं जातं, तसं इथं दर ओळीत होतं. ठोका यायच्या जागी येत नाही, म्हणून अंग स्वतः हलून ती जागा भरतं. ‘अनट्रू’तल्या बहुतेक रचनांच्या पोटात हाच ठेका आहे. वर धुकं आहे, खरखर आहे, आवाज दुरून येतो, हे सगळं मान्य. पण खाली पाय हलतोय.

आता हा ठेका त्यानं बांधला कसा, ते पाहा. अशा संगीतात साधारणपणे सगळे ठोके संगणकावर एका चौकटीत बसवतात. प्रत्येक ठोका मापात, एक केस इकडे नाही की तिकडे नाही. बेरिअलनं ती चौकटच वापरली नाही. ‘साउंड फोर्ज’ हे ध्वनिसंपादनाचं साधं सॉफ्टवेअर उघडून तो एकेक आवाज नजरेच्या अंदाजानं ठेवत गेला. त्यानंच मुलाखतीत सांगितलंय की पडद्यावर ध्वनिलहर माशाच्या काट्यासारखी दिसली की ठेका जमला, हे त्याला कळतं. ज्यानं कधी साउंड फोर्जमध्ये दाराच्या कडीचा आवाज योग्य क्षणी बसवायची झटापट केली आहे, त्याला यातला वेडेपणा कळेल. आम्ही एका प्रवेशात एक कडी बसवताना घामाघूम होतो. याचा अख्खा अल्बम, तेरा रचना, पाऊण तासाहून जास्त, असाच बसवलेला. म्हणून त्याचे ठोके किंचित मागे रेंगाळतात, किंचित पुढे धावतात. यंत्राचं संगीत असून ते यंत्रासारखं लागत नाही, ते यामुळे.

ते बारीक टिकटिक आवाजसुद्धा लक्ष देऊन ऐकण्यासारखे आहेत. ‘मेटल गिअर सॉलिड’ या व्हिडिओ गेममधले आवाज आपल्याला आवडतात, हे त्यानं उघडपणे सांगितलेलं आहे. गोळी झाडल्यावर जमिनीवर पडणाऱ्या पुंगळ्यांचा किणकिणाट त्यानं तबल्याच्या चाटीच्या जागी वापरलाय. पावसाचं आणि रेकॉर्डवरच्या सुईच्या खरखरीचं आणखी वेगळं. आम्ही उभी हयात ती खरखर काढण्यात घालवली, स्पूल होतं तेव्हा कापसानं हेड पुसून आणि आता फिल्टर लावून. हा गडी ती मुद्दाम घालतो. पहिल्यांदा ऐकताना मला रागच आला होता. आता वाटतं, ती खरखर नसती तर मधल्या शांततेचा आकारच कळला नसता. रंगमंचावर रात्र दाखवायची तर रातकिडा लावावा लागतो, पूर्ण शांतता लावली तर प्रेक्षकांना वाटतं साउंड बंद पडला.

एका वाचकानं तक्रार केली आहे की गायिका कोण ते कळत नाही आणि तिचे शब्दही कळत नाहीत. बरोबर आहे, कारण अनेक ठिकाणी गायिका नाहीच. ‘आर्केंजल’ ही अल्बममधली सगळ्यांत गाजलेली रचना. तिच्यातला आवाज अमेरिकन गायक रे जे याच्या ‘वन विश’ या गाण्यातला आहे. एका पुरुषाचा आवाज घेऊन, त्याची पट्टी वरखाली करून, तुकडे तोडून नव्यानं जोडले, की तो बाईचाही राहत नाही आणि पुरुषाचाही. एखाद्या ओळीचा शेवट वर उचलला जातो आणि तेवढ्यात पुढचा तुकडा खाली घसरतो. शब्द कळत नाहीत पण विनवणी कळते. इथं खरं म्हणजे वेगळा प्रश्न विचारायला हवा होता. असे उसने सूर घेऊन उभं केलेलं काम किती त्याचं आणि किती मूळ गायकाचं? हा वाद घालण्यासारखा आहे. तो सोडून आपण ‘उदास वाटतं’ आणि ‘उदास वाटत नाही’ यावर अडकलोय.

बरं, उदास म्हणणाऱ्यांना अल्बम कर्त्याचंच म्हणणं सांगतो. अल्बम आला त्याच वर्षी ‘द वायर’ या ब्रिटिश संगीतमासिकाला दिलेल्या मुलाखतीत त्यानं म्हटलं होतं की त्याला निम्मा तरी उल्हासाचा अल्बम करायचा होता, जुन्या ब्रिटिश नाचसंगीतात असायचा तसा उल्हास. हा मनुष्य स्वतः रेव्हच्या, म्हणजे रात्रभर चालणाऱ्या नाचमेळ्यांच्या, काळात लहान होता. थोरल्या भावांनी घरी आणलेल्या टेप आणि त्यांनी सांगितलेल्या गोष्टी, यांतून त्याला ती नाचाची दुनिया कळली. तोवर ती बरीचशी विरलीही होती. 1994 मध्ये ब्रिटिश संसदेनं कायदा करून उघड्यावरच्या रेव्ह थांबवायचे अधिकार पोलिसांना दिले. त्या कायद्यात ‘एकापाठोपाठ एक पुनरावृत्त ठोके’ अशी संगीताची व्याख्या चक्क कलमात घातली आहे. ठोक्याला कायद्यानं पकडायचा असा प्रयत्न दुसरा मला तरी माहीत नाही. कायद्यानं नाच संपला नाही, तो क्लबांत गेला, पण माळरानावरचे मेळे गेले. बेरिअलच्या 2006 च्या पहिल्या अल्बमबद्दल समीक्षक मार्क फिशर यांनी लिहिलं होतं, की तो ऐकणं म्हणजे एके काळी रेव्हनी गजबजलेल्या ओसाड जागांतून फिरणं आहे. मला ते पटतं, मात्र ‘अनट्रू’बाबत अर्धंच. पहिल्या अल्बममध्ये जागा खरोखर ओसाड आहे. ‘अनट्रू’मध्ये माणसं परत आली आहेत, लांबून का होईना, गाताहेत. आणि शेवटची रचना ‘रेव्हर’ काढून ऐका. इतका वेळ चकवणारा ठोका तिथं सरळ होतो, चारही मात्रांवर पडायला लागतो. रडका माणूस अल्बमचा शेवट असा करत नाही.

मग इतक्या लोकांना तो नुसता काळोख का वाटला? माझा संशय फोनवर आहे. हातातल्या फोनच्या स्पीकरमधून 200 हर्ट्झच्या खालचं जवळजवळ काहीच बाहेर येत नाही. या संगीताचा खर्ज राहतो त्याच्या कितीतरी खाली, 40 ते 60 हर्ट्झच्या आसपास. फोनवर ऐकलंत तर तुमच्यापर्यंत पोचते खरखर, पाऊस आणि तो तुटका आवाज. तळ सगळा गायब. तळ काढल्यावर कुठलंही नृत्यसंगीत अंत्ययात्रेसारखंच लागणार. हे संगीत ज्या पंथातलं, त्याची जडणघडण लंडनच्या शोरडिचमधल्या ‘प्लास्टिक पीपल’सारख्या छोट्या क्लबांत झाली. तिथली खोली जवळपास अंधारी असायची आणि ध्वनियंत्रणा खोलीच्या मानानं राक्षसी. दिवे घालवलेले असायचे ते घाबरवायला नव्हे, कानाला काम करू द्यायला. ‘रात्री लावला आणि भीती वाटली’ असं लिहिणाऱ्या वाचकांना माझी विनंती आहे, की शेजाऱ्यांच्या परवानगीनं एकदा चांगल्या मोठ्या स्पीकरवर लावा. ते जमत नसेल तर कान झाकणारे वायरवाले हेडफोन घ्या.

बेरिअलच्या अज्ञातवासाबद्दल आपल्याकडे तीन-चार पत्रं आली. त्यात फार वेळ घालवण्यासारखं काही नाही. 2008 मध्ये अल्बमला ब्रिटनमधल्या मर्क्युरी या संगीत पुरस्काराचं नामांकन मिळालं आणि तिकडच्या वृत्तपत्रांनी त्याचं खरं नाव शोधायची मोहीम काढली. तिकडच्या नामवंत इलेक्ट्रॉनिक संगीतकारांपैकी कुणी म्हणालं हा एफेक्स ट्विन, कुणी म्हणालं फॅटबॉय स्लिम. शेवटी त्या ऑगस्टमध्ये त्यानं स्वतःच मायस्पेस या समाजमाध्यमावर नाव टाकलं, विल बेव्हन, आणि विषय संपवला. पुरस्कार ‘एल्बो’ या बँडला गेला. नाव लपवल्यानं अल्बम गूढ झाला, असं मानणाऱ्यांनी एवढंच लक्षात घ्यावं, की नाव कळून आता इतकी वर्षं झाली तरी ऐकणारे कमी झालेले नाहीत.

पण मी काही आंधळा भक्त नाही. माझ्या मते अल्बम मध्यानंतर सैल पडतो. ‘शेल ऑफ लाइट’पासून ‘यूके’पर्यंत तेच रंग तसेच पुन्हा येतात, आणि ‘डॉग शेल्टर’ला ठेका नाही म्हणून ती खोल वाटते, एवढंच. ‘एंडॉर्फिन’ मात्र बिनठेक्याची असून उभी राहते, कारण ती ‘घोस्ट हार्डवेअर’च्या लगेच नंतर येते आणि तुम्हाला दम खायला मिळतो. रचनांचा क्रम लावणं हीसुद्धा कला आहे, आणि ती इथं पूर्वार्धात जास्त दिसते. पुढे 2022 मध्ये बेरिअलचा ‘अँटिडॉन’ आला, त्यात त्यानं ठेका जवळजवळ काढूनच टाकला. समीक्षकांनी बरंच कौतुक केलं. मला कंटाळा आला. पाऊस आणि खरखर मी स्वतः लावू शकतो, त्यासाठी बेरिअल कशाला? ज्या वाचकांना ‘अनट्रू’ नुसता काळोखाचा वाटतो, त्यांनी ‘अँटिडॉन’ ऐकून पाहावा. तिथं त्यांचं म्हणणं बरोबर ठरेल.

संपादक महोदय, एक सूचना. यापुढे संगीतावरची मतं छापताना प्रत्येक पत्राच्या शेवटी, ठिकाणाच्या बाजूला, ‘कशावर ऐकलं’ तेही कंसात द्यावं. माझ्यापासूनच सुरुवात करतो.

आपला,
एक ध्वनिसंयोजक वाचक
डोंबिवली (पूर्व) (तालमीच्या हॉलमधले बारा इंची स्पीकर, तालीम संपल्यावर)