ओरडण्याआधी यंदाचे नियम वाचा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परदेशात वाढणाऱ्या मराठी मुलांच्या खेळांवरचा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. आपल्या मुली सॉफ्टबॉल खेळतात याचा उल्लेख पाहून आनंद झाला, पण एका पालकांचा सूर मनाला लागला. अंपायर मनाला येईल तसे निर्णय देतात, नियम दर वर्षी बदलतात आणि मुलींच्या मेहनतीवर पाणी पडते, असे त्यांचे म्हणणे. मी जळगाव जिल्ह्यातल्या शाळेकडून सॉफ्टबॉल खेळले. गेली चौदा वर्षे ओहायोत राहते. मुलगी हायस्कूलच्या संघात पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी, आहे आणि मी स्वतः पाच मोसम बारा वर्षांखालच्या मुलींच्या सामन्यांत अंपायरचे काम करते आहे. तक्रारीच्या दोन्ही बाजू पाहिल्यामुळे लिहिल्याशिवाय राहवले नाही.

आधी नियमांबद्दल. इथल्या हायस्कूलच्या सामन्यांचे नियम इंडियानापोलिसची ‘एनएफएचएस’ ही संस्था ठरवते. बदल लहरीने होत नाहीत. पूर्वी हायस्कूलमध्ये पिचर होम प्लेटपासून, म्हणजे बॅट घेतलेली मुलगी जिथे उभी असते तिथपासून, ४० फुटांवर उभी राहायची, २०१०-११ च्या शालेय वर्षापासून ते अंतर ४३ फूट झाले. तीन फुटांनी काय होते, असे वाटेल. ताशी ६० मैलांनी आलेला चेंडू ४३ फूट अर्ध्या सेकंदाच्या आत कापतो, तेवढ्यात बॅट फिरवायची की नाही हे मुलीने ठरवायचे असते. तोच चेंडू बॅटवरून त्याहून वेगाने पिचरच्या तोंडावर परत येऊ शकतो. माझी मुलगी तिथे उभी असते, त्यामुळे ते तीन फूट मला फार मोठे वाटतात. बॅटिंगच्या हेल्मेटला चेहऱ्यापुढची जाळी २००६ पासून सक्तीची झाली, तीही अशाच काळजीपोटी. पहिल्या बेसवर, म्हणजे फटका मारून धावणारीने गाठायच्या पहिल्या थांब्यावर, काही ठिकाणी आता जोड बेस असतो, अर्धा पांढरा आणि अर्धा रंगीत. धावणारीने रंगीत भागावर पाय द्यायचा आणि चेंडू झेलणारीने पांढऱ्यावर, म्हणजे दोघींचे घोटे एकमेकींत अडकत नाहीत.

ज्या बदलावरून सध्या सगळ्यात जास्त आरडाओरडा होतो, तो पिचरच्या पायाचा. चेंडू टाकताना पिचरचा मागचा पाय जमिनीला घासत यावा, हवेत उचलला तर ‘इल्लीगल पिच’, असा नियम आम्ही वर्षानुवर्षे पाळला. आता हायस्कूलमध्ये दोन्ही पाय हवेत गेले तरी चालते. पुरुषांच्या फास्टपिचमध्ये, म्हणजे वेगवान सॉफ्टबॉलमध्ये, ही उडी आधीपासूनच चालत होती. मात्र पाय पुन्हा जमिनीवर रोवून तिथून नव्याने जोर घेतला, म्हणजे ज्याला इथे ‘क्रो हॉप’ म्हणतात ते केले, तर ती पिच अजूनही बेकायदा आहे. मागचा पाय पिचिंग प्लेटच्या, म्हणजे पिचर जिथून चेंडू टाकते त्या पट्टीच्या, २४ इंच रुंदीबाहेर जाऊ द्यायचा नाही, हेही आहेच.

हा बदल मला पटला, कारण जुना नियम पाळला जातो की नाही हे बघणे जवळजवळ अशक्य होते. होम प्लेटजवळचा अंपायर कॅचरच्या, म्हणजे चेंडू झेलायला बसलेल्या मुलीच्या, मागे वाकून उभा असतो. बॅटरच्या काखेपासून गुडघ्यापर्यंतच्या पट्ट्यात चेंडू आला का, हे त्याने बघायचे; आला तर स्ट्राइक, बाहेरून गेला तर बॉल. पिचिंग प्लेटसमोर दर सामन्यात पायांनी खड्डा पडतो. त्या खड्ड्यावरून गेलेल्या बुटाचे टोक मातीला लागले की एक इंच वर राहिले, हे ४३ फुटांवरून, जाळीच्या मास्कमधून, चेंडूकडे नजर असताना कोण सांगणार? दुसरा अंपायर बेसजवळ असेल तर त्याला पाय दिसतो. पण लहान गटांच्या कितीतरी सामन्यांत अंपायर एकच असतो. मग एका मैदानावर पिच बेकायदा ठरायची आणि शेजारच्या मैदानावर तशीच पिच चालून जायची. त्यात रडायच्या त्या मुलीच.

गेल्या जूनमधला एक शनिवार सांगते. मी माझा सामना संपवून पाणी पीत उभी होते. शेजारच्या मैदानावर सोळा वर्षांची मुलगी एकटी अंपायर होती. जाळीमागून आमच्या ओळखीचे एक मराठी गृहस्थ प्रत्येक पिचला ‘इल्लीगल! पाय बघ, पाय!’ असे ओरडत होते. तिने काही इंडिकेटर, म्हणजे बॉल आणि स्ट्राइक मोजायचे हातातले छोटे यंत्र, खाली ठेवला नाही, पण बोट त्याच्या चाकावर घसरत होते आणि एकदा तिला स्कोअर लिहिणाऱ्या बाईंना किती बॉल, किती स्ट्राइक झाले हे विचारावे लागले. त्यावर आणखी दोन पालक हसले. इनिंग संपली की अंपायर सहसा मास्क काढतात, घाम पुसतात. तिने सामना संपेपर्यंत मास्क काढलाच नाही.

सामना झाल्यावर मी त्या गृहस्थांकडे गेले. म्हटले, “दादा, तो नियम बदललाय. उडी चालते आता, पाय परत रोवला नाही म्हणजे झाले.” ते म्हणाले, “वहिनी, खरं सांगता? मागे आमच्या मुलीला याच कारणावरून चार वेळा पकडलं होतं.” माणूस वाईट नाही. मुलीसाठी दर शनिवारी पहाटे पाचला उठून दोन तास गाडी चालवणारा बाप आहे. नियम बदलल्याचे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. “त्या पोरीला सॉरी म्हणायला हवं,” असे म्हणून ते मैदानाकडे वळले, पण ती तोवर निघून गेली होती. पुढच्या शनिवारी ती आली नाही आणि नंतरही दिसली नाही.

अशा किती मुली आणि मुले निघून गेली असतील, याचा अंदाज एका आकड्यावरून येतो. सगळे खेळ मिळून २०१८-१९ नंतरच्या तीन वर्षांत सुमारे ५० हजार जणांनी हायस्कूल सामन्यांचे पंचाचे काम सोडले, असे एनएफएचएसनेच सांगितले. त्यात करोनाचा वाटा होताच, पण प्रेक्षकांच्या शिव्या हेही मोठे कारण म्हणून पुढे आले. न्यू जर्सीतल्या डेप्टफर्डच्या लिटल लीगने, म्हणजे मुलांचे सामने भरवणाऱ्या स्थानिक संघटनेने, २०२३ मध्ये नियम केला की, अंपायरला त्रास देणाऱ्या पालकाने आधी स्वतः तीन सामन्यांत अंपायरिंग करावे, मगच पुन्हा सामना बघायला यावे. मला हा उपाय आवडला. पट्ट्यातून आलेला वळणारा चेंडू एकदा मास्कमागून पाहिला की जाळीमागून पाहण्यातला फरक आपोआप कळतो.

चूक फक्त पालकांची आहे, असे मी म्हणत नाही. मार्च ते मे मुलगी शाळेकडून खेळते तेव्हा एक नियमपुस्तक, उन्हाळ्यात क्लबकडून खेळते तेव्हा दुसरे, स्पर्धेचे आयोजक बदलले की तिसरे. दहा वर्षांखालच्या मुलींना पिचिंगचे अंतर ३५ फूट आणि चेंडू ११ इंच घेराचा, बारा वर्षांखालच्यांना ४० फूट आणि १२ इंच घेराचा. काही लहान गटांत तिसरा स्ट्राइक कॅचरच्या हातून सुटला तरी बॅटर बाद, मोठ्यांत मात्र पहिला बेस रिकामा असेल किंवा दोन गडी बाद असतील तर तिला पळता येते. पहिल्या वर्षी मी स्वतः त्या सुटलेल्या स्ट्राइकवरून बाकावरून उठून अंपायरला ओरडले होते. त्याचे बरोबर होते. मला अजून त्याची लाज वाटते. जळगावला आमच्या सामन्यांना दुसऱ्या शाळेचे पी.टी.चे सर अंपायर असायचे आणि त्यांच्यासमोर आवाज चढवायची कोणाची छाती नव्हती. इथे आल्यावर मी ते कसे विसरले, कोण जाणे.

संघटना बदललेले नियम कोचना आणि अंपायरांना कळवतात. पालकांना कोणीच कळवत नाही. मोसमाच्या पहिल्या दिवशी डगआउटच्या, म्हणजे खेळाडूंच्या बाकांपुढच्या, जाळीवर एक कागद लावला, त्यावर यंदाचे चार बदल साध्या भाषेत लिहिले, तर निम्मे भांडण तिथेच मिटेल. अंपायरने डावा हात खांद्याच्या रेषेत बाजूला काढून मूठ मिटली, तर त्याचा अर्थ काय, हेही त्या कागदावर लिहावे. चेंडू हातात नसताना फिल्डरने धावणारीचा रस्ता अडवला आहे, तो आपण पाहिला आहे आणि खेळ थांबल्यावर त्याचा निकाल देऊ, असे तो त्या मुठीने सांगत असतो. पालकांना वाटते अंपायर झोपला आहे. नियम चुकीचा लावला गेला, असे खरेच वाटले तर कोचने टाइम मागून शांतपणे विचारावे, त्याची सोय आहे. बॉल की स्ट्राइक यावर मात्र वाद घालायचा नसतो.

अंपायर कमी असल्याने एकाच माणसावर सामना ढकलण्याची वेळ येते आणि एकटा माणूस दोन ठिकाणी पाहू शकत नाही. म्हणून आपल्या लोकांना माझी कळकळीची विनंती आहे. पोरीला सरावाला सोडून दोन तास गाडीत फोन बघत बसणारे आपण कितीतरी जण आहोत. राज्य संघटनेचा वर्ग हिवाळ्यात असतो, लेखी परीक्षा अवघड नाही आणि क्रिकेट पाहत वाढलेल्या माणसाला नजर आधीच असते. आमच्या मंडळात मी फेब्रुवारीतल्या दोन रविवारी दुपारी यंदाचे नियम मराठीत समजावून सांगणार आहे. ज्यांना करून बघायचे आहे त्यांच्यासाठी माझ्याकडे एक जादा मास्क आणि इंडिकेटर आहे.

आपली,
एक पालक आणि अंपायर
कोलंबस, ओहायो