पाणी नसलेलं जग घे

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

होस्टेलच्या मित्रांना घेऊन 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'चा, म्हणजे एकेक पात्र होऊन गोष्ट रचत खेळायचा खेळ मांडतोयस, त्यासाठी त्यातल्या काल्पनिक जगांपैकी कोणतं घेऊ, असं परवा विचारलंस. हातातलं काम सोडून तेव्हा नीट बोलता आलं नाही. माझं मत विचारशील तर अथास घे. 'डार्क सन' नावाच्या मालिकेतलं ते वाळवंटी जग.

लॉकडाऊनमध्ये तू मला पहिल्यांदा खेळायला बसवलंस ते 'फर्गॉटन रेल्म्स'मध्ये. एड ग्रीनवुड यांनी लहानपणापासून मनात वाढवलेलं ते जग 1987 साली खेळात आलं. नकाशा देखणा, गावागावाला इतिहास. तरी माझा जीव तिथे रमला नाही. तिथे सगळंच मुबलक, देवसुद्धा. एल्मिन्स्टरसारखा जादूगार असताना आपण चौघांनी एखादं खेडं वाचवलं काय, नाही वाचवलं काय, हे माझ्या मनातून जायचंच नाही.

अथास 1991 चं. तिथे लोखंड जवळजवळ नाहीच, म्हणून हत्यारं हाडांची, लाकडाची, दगडाची, आणि नाणी भाजलेल्या मातीची. पाऊस दुर्मीळ. आणि जादू? ती झाडापाल्यातला जीव ओढून होते. घाईने केली की भोवतालची जमीन राख होते. जमीन जपून जादू करणारेही आहेत, पण त्यांना लपूनछपून राहावं लागतं. हे वाचलं तेव्हा मला माहेरचं शिवार दिसलं. शेजाऱ्याने दोनशे फूट बोअर मारली की आपण तीनशे मारायची, त्याने मग चारशे. शेवटी दोघंही टँकरची वाट बघत रस्त्यावर उभे. तुझे आजोबाही त्यात होते. मी घागर घेऊन रांगेत असायचे.

एका गोष्टीचा मला मनापासून राग आहे: एखादी जमातच्या जमात जन्मतः दुष्ट ठरवून टाकणं. ऑर्क, म्हणजे त्या राकट राक्षसी जमातीतला कोणी, दिसला की मारा! कीथ बेकर यांचं 'एबेरॉन' हे याच खेळातलं आणखी एक जग मला आवडतं ते यासाठी. तिथे ड्रॅगनच्या रंगावरून त्याचा स्वभाव ठरत नाही, आणि अशाच बदनाम गॉब्लिन जमातीचंही एके काळी मोठं साम्राज्य होतं.

अथासमधलं न आवडणारंही सांगते. गुलामगिरी तिथे पावलोपावली आहे. ती चवीने रंगवू नकोस, आणि कोणाला नकोशी वाटते का, हे आधी मित्रांना विचार. त्यापेक्षा अथासमधल्या टायर शहराचा जुलमी राजा कलक मारला गेला आणि तिथले गुलाम मोकळे झाले, तिथून सुरुवात कर. इतकी माणसं एकदम मोकळी झाली, आता त्यांना खायला काय, पाणी कुठलं, शेत कोणाचं? मला तर तिथेच खेळावंसं वाटतं.

तुझा वीस बाजूंचा निळा फासा कपाटात राहिला होता. लाडवांच्या डब्यात वेगळ्या पुडीत बांधून ठेवलाय, बघून घे.

तुझी,
आई