पास्त्याचं पाणी ओतू न देणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

एवढ्याशा गोष्टीचं काय पत्र लिहायचं, असं तुम्ही म्हणणार, ठाऊक आहे. पण समोर आभार मानायला लागलं की तुम्ही लगेच विषय बदलता. म्हणून हे सगळ्यांदेखत.

पावसाची झड लागली होती आणि आई नुकतीच तापातून उठली होती. तिला काही म्हणजे काही जात नव्हतं. गरमागरम हवं, पोटाला जड नको, आणि आजाऱ्याचं जेवण तर डोळ्यांसमोरही नको! तुम्ही सहज डोकावलात, ओट्यावरचं स्पॅगेटीचं पाकीट पाहिलंत आणि पदर खोचलात. "क्रीम नको, चीज नावापुरतं. लसूण, तेल, लिंबू आणि ह्याचंच पाणी. झालं."

लसूण-तेलाचा हा पास्ता मूळचा इटलीतल्या नेपल्सकडचा. साहित्य इतकं कमी, की सगळी करामत हातात. १०० ग्रॅम पास्त्याला १ लिटर पाणी हा नेहमीचा ठोकताळा, पण तुम्ही पाणी मुद्दाम कमी घेतलंत, मीठही त्या बेतानं. थोड्या पाण्यात पिष्ट, म्हणजे स्टार्च, दाट उतरतं, आणि तुम्हाला तेच हवं होतं. लसणाच्या पातळ चकत्या गार तेलातच टाकून अगदी मंद आचेवर ठेवल्यात. कडेनं बारीक बुडबुडे यायला लागले, चकत्या जेमतेम पिवळसर झाल्या, की चिमूटभर लाल मिरची आणि लगेच गॅस बंद. करपलेला लसूण सगळ्या पदार्थाला कडू करतो, तिथे दयामाया नाही.

पाकिटावर लिहिलेल्या वेळेच्या २ मिनिटं आधीच स्पॅगेटी कढईत आली, सोबत डावभर ते गढूळ पाणी. गॅस मोठा. आधी तेल वर तरंगत होतं, पाणी खाली. तुम्ही चिमट्यानं भराभर घोळवत राहिलात आणि बघता बघता दोन्ही एक झाले. दुधट, चकचकीत रस प्रत्येक काडीला बसला. पिष्टामुळे तेलाचे थेंब पुन्हा एकत्र येत नाहीत, पाण्यातच धरून राहतात, असं तुम्ही घोळवता घोळवता सांगितलंत. क्रीमचा थेंब नाही आणि तरी जिभेवर तसाच मऊपणा. मूठभर मटार पास्त्याबरोबरच उकळले होते, पालक अगदी शेवटी पडला. लिंबाचा रस आणि किसलेली साल मात्र गॅस बंद केल्यावर, कारण आचेवर तो वास उडून जातो. साल किसताना फक्त पिवळा भाग, खालचा पांढरा कडू.

आणि हो, पाकिटावर डुरम, म्हणजे कडक जातीचा गहू लिहिलंय का ते बघायची तुमची ताकीद. इटलीत सुक्या पास्त्यासाठी १९६७ पासून तसा कायदाच आहे म्हणे. मला कायद्याचं कौतुक नाही, पण ह्या गव्हाची काडी दोनदा उकळी खाऊनही लगदा होत नाही, हे कढईतच दिसलं.

आईनं वाडगा संपवला. नुसता संपवला नाही, तळाशी लागलेला रस चमच्यानं खरवडून खाल्ला, आणि वर विचारलं, "अजून आहे का?" हे ऐकायला आम्ही किती दिवस कान लावून बसलो होतो, ते तुम्हाला ठाऊक आहे. तिच्या अंगात बळ औषधांनी आलं असेल, ते श्रेय डॉक्टरांचं. पण जेवणावरची वासना परत आली ती तुमच्यामुळे, ताई. मनापासून आभार.

आता तिचा नवा हट्ट सुरू झालाय: ह्यात टोमॅटो घातला तर? मी नको म्हणते, लिंबू आहे, वर पुन्हा आंबट कशाला. पण माझं ती ऐकत नाही. तेव्हा उद्या येऊन काय तो निकाल तुम्हीच द्या.

तुमची,
शेजारीण