कडं कुणाला दाखवण्याआधी

प्रिय बाळा,

काठी टेबलाच्या कडेला अडकवणारं तू बनवलेलं कडं परवा मिळालं. आजीच्या काठीवर लगेच चढवलं, मुठीपासून चार बोटं खाली. कड्याची बाहेर आलेली जीभ टेबलाच्या कडेवर टेकवली आणि हात काढला. काठी जराशी कलली, कडं आपोआप आवळलं आणि काठी तिथेच लटकून राहिली. आजीने ती उचलली, कडं दोन बोटांनी वर सरकवलं, पुन्हा टेकवली. सहा-सात वेळा तिने हेच केलं. मग म्हणाली, "आता वाकायला नको." पडलेली काठी उचलताना तिचा तोल गेला होता, ते ती विसरलेली नाही.

चिठ्ठीत तू लिहिलं आहेस की शनिवारी कड्याचा व्हिडिओ टाकणार. बाळा, टाकू नकोस. आधी पेटंटचा अर्ज, मग व्हिडिओ.

पेटंट मिळायचं तर अर्जाच्या तारखेला ती वस्तू नवी असावी लागते, आणि नवी म्हणजे साऱ्या जगात नवी. त्याआधी ती कुठे छापून आली, विकली गेली, चारचौघांत दाखवली गेली की नवेपण संपतं. दाखवणारी तू स्वतः असलीस तरीही. काही देश शोध लावणाऱ्याला वर्षभराची सवलत देतात, पण युरोपात ती जवळपास नाहीच. तिच्या भरवशावर राहू नकोस.

मी हे भोगलेलं आहे. तुझ्या जन्माआधी मी एक जिग, म्हणजे काम करताना वस्तू पकडून ठेवणारं साधन, बनवला होता; तो पातळ नळी न चेपता धरायचा. मोठ्या हौसेने तो एका प्रदर्शनात मांडला, दोन दिवस येईल त्याला उघडून दाखवला. नंतर पेटंट एजंटकडे गेलो. त्याचा पहिलाच प्रश्न होता, "कुणाला दाखवलंय का?" मी अभिमानाने हो म्हणालो. त्याने पेनाला टोपण लावलं. पुढे तसाच जिग दुसऱ्या कुणी तरी बाजारात आणला. मला काही बोलता येईना, कारण मीच तो सगळ्यांना देऊन बसलो होतो. म्हणून साचा बनवणाऱ्यालासुद्धा कडं दाखवायचं असेल तर आधी गोपनीयतेच्या करारावर त्याची सही घे.

चार रात्री बसून मी जुनी पेटंटं चाळली. ती सगळ्यांना वाचायला खुली असतात. काठी टेबलाला अडकवण्याच्या युक्त्या बऱ्याच सापडल्या. कुणी स्क्रू लावला आहे, कुणी स्प्रिंगचा चिमटा. तुझं तिरकं भोक, जे मोकळं असताना सरकतं आणि भार आला की काठीला चावतं, ते काठीच्या कड्यात मला अजून तरी दिसलेलं नाही. पण लाकूड आवळून धरणाऱ्या सुताराच्या क्लॅम्पमध्ये ते आहे! सरकता जबडा दांड्यावर तिरका होऊन अडकतो, तीच ही युक्ती. पेटंट कार्यालयातला परीक्षक तुझा अर्ज आणि क्लॅम्पचा कागद शेजारी ठेवेल आणि म्हणेल, यात शोध कसला? साध्या वस्तूची खरी अडचण ही असते. एकदा पाहिली की कुणालाही सुचली असती असं वाटतं.

हायमन लिपमन या माणसाने 1858 साली पेन्सिलीच्या टोकाला रबर बसवण्याचं अमेरिकी पेटंट घेतलं. 1875 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द ठरवलं. पेन्सिल आपलं लिहिण्याचं काम करते, रबर आपलं खोडण्याचं. दोन्ही एकत्र आल्याने कुणाचंही काम बदललं नाही, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. यावर तुझ्याकडे उत्तर आहे, आणि ते अर्जात ठसठशीत यायला हवं. तुझी जीभ टेबलावर टेकते म्हणून कडं तिरकं होतं, कडं तिरकं होतं म्हणून काठी धरली जाते. काठीचं वजनच काठीला धरतं. जीभ एकटी किंवा भोक एकटं हे करू शकत नाही.

नुसतं म्हणून भागणार नाही, मोजून दाखव. सरळ भोकाचं एक कडं आणि तिरक्याची तीन-चार, वेगवेगळ्या कोनांची. भोक काठीपेक्षा किती मोठं चालतं, कितीला घसरतं, ओल्या काठीवर काय होतं, सगळं लिहून काढ. अर्ज दाखल झाल्यावर त्यात नवी माहिती घुसवता येत नाही.

दाव्यांच्या मसुद्यात तू "लाकडी काठीसाठी रबरी कडं" लिहिलं आहेस. मग कुणी प्लास्टिकचं कडं करून ते धातूच्या कुबडीला लावलं की सुटला! पेटंटचं कुंपण म्हणजे हे दावे. फार आखडले तर शेजारून वाट राहते, फार पसरले तर जुनी वस्तूच आत येते आणि दावा पडतो. मुख्य दावा रुंद ठेवायचा आणि त्याच्या पोटात एकेक अरुंद. हे काम चांगल्या एजंटकडूनच करून घे. इथे पैसे वाचवू नकोस.

अख्ख्या जगाचं एकच पेटंट असं काही नसतं. पहिल्या अर्जानंतर 12 महिन्यांच्या आत दुसऱ्या देशांत अर्ज केलास तर तीच पहिली तारीख धरली जाते. ही सोय 1883 च्या पॅरिस करारामुळे आहे. साधारण 18 महिन्यांनी अर्ज प्रसिद्ध होतो. पेटंट मिळालं तर अर्जापासून 20 वर्षं, तेही नूतनीकरणाची फी भरत राहिलीस तर. नक्कल कुणी करतंय का हे मात्र तुलाच पाहावं लागेल.

पेटंट मिळालं म्हणजे गिऱ्हाईक मिळालं असंही होत नाही. सरळ नळीने पिताना धडपडणारी आपली छोटी मुलगी पाहून जोसेफ फ्रीडमनने नळीत स्क्रू घातला, वरून दोरा आवळून वळ्या पाडल्या आणि वाकणारी स्ट्रॉ केली. पेटंट 1937 चं. पण स्ट्रॉ बनवणाऱ्यांनी ती घेतली नाही. शेवटी त्याने स्वतःच बनवायला घेतली आणि पहिली विक्री झाली 1947 साली, एका रुग्णालयाला. रुग्णालयाचं मी मुद्दाम लिहितो आहे. तुझं कडं ज्यांना हवं आहे ती माणसं तिथेच भेटतील.

शनिवारी व्हिडिओऐवजी मोजमापाला बस. त्यासाठी दुसरं कडं बनवावं लागेल, हे परत पाठवता येणार नाही. आजी काठीवरून काढू देत नाही.

तुझा,
बाबा