बाथरूमच्या दरवाज्याला पाणी लागलं, म्हणून वॉरंटी नाही? तुमच्या कंपनीला लेखी तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख आणि बसवणी विभाग प्रमुख यांस,

विषय: बाथरूमचा फुगलेला दरवाजा, वाकलेली चौकट आणि नाकारलेली वॉरंटी

आज सकाळी तुमच्या ग्राहक सेवेशी माझं पाचवं बोलणं झालं. यापुढे मी फोन करणार नाही. दर वेळी नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून सगळं सांगायचं आणि शेवटी तेच एक वाक्य ऐकायचं: "पाण्यामुळे झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही." म्हणून आता लिहून देते आहे.

माल तुमचा आहे, तो तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही. ३० मिलिमीटर जाडीचा फ्लश, म्हणजे सपाट पृष्ठभागाचा दरवाजा, दोन्ही अंगांना लॅमिनेट, कडांना लाकडी पट्टी, सोबत लाकडी चौकट. मोजमाप तुमच्या माणसाने घेतलं, माल तुमच्या कारखान्यातून आला, बसवला तुमच्या फिटरने. बाहेरच्या सुताराचा हात त्याला आजवर लागलेला नाही. हे आधीच सांगते, कारण तिसऱ्या फोनला "मध्ये कुणी छेडछाड केली असेल" असंही मला ऐकवून झालं आहे.

सुरुवातच चुकली. तुमचा माणूस मापं घ्यायला आला तेव्हा बाथरूममध्ये फरशी बसायची होती. मी त्याला म्हटलं, अजून मसाला आणि फरशी येणार आहे, जमीन वर येईल. तो म्हणाला, "धरतो ना हिशेबात." धरलं नाही. दरवाजा आला तो २४ मिलिमीटर जास्त लांब. मग तुमच्या फिटरने तो आडवा टाकला, खालून मशीनने कापला आणि लावून टाकला. वर मी विचारलं, कापलेल्या कडेला काही लावायचं नाही का? तो म्हणाला, "खाली कोण बघतंय, ताई?"

ती कापलेली पट्टी मी टाकली नाही, माझ्या कपाटात आहे. हे पत्र लिहिताना समोर ठेवली आहे. शाळेतल्या मोजपट्टीपेक्षा जराशी अरुंद. तिच्या एका कडेवर तुमच्या कारखान्यात दिलेला पाणी अडवणारा थर अजून चकचकीत आहे, त्यावर बोट फिरवलं तर गुळगुळीत लागतं. दुसरी कड कोरी, करवतीचे ओरखडे असलेली. म्हणजे जी कड पाणी अडवणार होती ती माझ्या कपाटात कोरडी पडून आहे आणि जी कोरी कड उरली ती रोज पाण्यात उभी आहे. तुमच्या माहितीपत्रकात 'सहाही बाजूंनी बंद' असं ठळक छापलं आहे. माझ्या दरवाज्याच्या पाचच बाजू बंद आहेत, आणि सहावी तुमच्याच माणसाने उघडी केली.

लाकूड टोकाकडून पाणी किती भराभर ओढतं, हे दरवाजे बनवणाऱ्यांना मी काय सांगायचं? दरवाज्याच्या आतल्या उभ्या पट्ट्यांची टोकं खालच्या कडेला उघडी पडली, त्यांच्या शेजारी प्लायचे थर उघडे पडले. पाणी तिथून वर चढलं. तुमच्याच बसवणीच्या सूचनापत्रात लिहिलं आहे की, कापलेल्या कडेला त्याच दिवशी पाणी अडवणाऱ्या थराचे दोन हात देऊन ती बंद करावी. ते पान माझ्याकडे आहे. तुमच्या फिटरने ते वाचलेलं नव्हतं, की त्याला कुणी दिलंच नव्हतं, हे तुम्ही शोधा.

दीड महिन्यात दरवाजा खाली घासायला लागला. मी जाडी मोजली. वर ३० मिलिमीटर, खालच्या टोकाला ३४. वरच्या भागावर टकटक केलं की भरीव आवाज येतो, खालच्या वीतभर भागात भदभद. तिथे लॅमिनेटखाली नख घातलं तर प्लायचा पापुद्रा ओल्या पुठ्ठ्यासारखा सुटून येतो. हा दरवाजा उन्हात वाळवून पूर्ववत होणार नाही. थर सुटले की सुटले.

आता चौकट. चौकट भिंतीत धरून ठेवायला होल्डफास्ट, म्हणजे लोखंडी पकडपट्ट्या नाहीत, भिंतीत जाणारे स्क्रू नाहीत, बिजागऱ्यांच्या मागे पाचर नाही. आहे तो नुसता फटीत भरलेला फोम. तुमचा तंत्रज्ञ आला तेव्हा त्यानेच चौकटीवरची झाकणपट्टी काढून हे दाखवलं, आणि पट्टी परत न लावताच गेला. फोम फुगतो. तो सुकेपर्यंत चौकटीच्या दोन्ही उभ्यांच्या, म्हणजे उभ्या लाकडांच्या मध्ये आडव्या काठ्या ठोकून ठेवाव्या लागतात, नाहीतर उभे आतल्या अंगाला ढकलले जातात. काठ्या लावल्याच नाहीत. फोम मारून अर्ध्या तासात फिटर दरवाजा टांगायला लागला होता. आज चौकटीच्या आतल्या बाजूंमधलं अंतर वर ७००, मध्यावर ६९४ आणि खाली परत ७०० मिलिमीटर आहे. दरवाजा आणि चौकट यांच्यात दोन-तीन मिलिमीटरची फट असते, तिथे सहा मिलिमीटर चौकट आत आली तर दरवाजा जाणार कुठे? नेमका कुलपापाशीच तो अडकतो.

शेजारी काम करणाऱ्या गवंड्याकडून मी ओळंबा, म्हणजे सरळ उभी रेघ तपासायची वजन बांधलेली दोरी, मागून आणला. दोन मीटर उंचीत दोरी आणि चौकट यांच्यातलं अंतर वर २० मिलिमीटर, खाली २९. नऊ मिलिमीटरचा फरक. दोन-तीन मिलिमीटर मी समजून घेतले असते. गवंडी नुसता बघून म्हणाला, "ओळंब्यात नाही, गुण्यातही नसणार." म्हणजे कोपरे काटकोनात नसणार. आम्ही दोन्ही कर्ण मोजले. त्यातही ११ मिलिमीटरचा फरक निघाला. टेप आणि ओळंबा घेऊन पाच मिनिटांचं हे काम. तुमच्या माणसाने ते बसवताना केलं असतं तर हे पत्र लिहावं लागलं नसतं.

एवढ्यावर भागलं असतं तरी मी कदाचित फोनच करत राहिले असते. पण मागच्या महिन्यात माझी आई आत अडकली. ती ७४ वर्षांची आहे. दरवाजा आत उघडतो. खालून फुगलेला, मधून चौकटीने दाबलेला, आणि कुलपाची जीभ खाचेत घट्ट बसलेली. आईला आतून खिटी फिरवता येईना, आम्हाला बाहेरून काही करता येईना, बिजागऱ्यांच्या पिना आतल्या बाजूला. बाथरूम लहान. जोरात धक्का दिला तर दरवाजा तिलाच लागणार. भावाने तिला ओल्या फरशीवरून कोपऱ्यात सरकून भिंतीला धरून उभं राहायला सांगितलं, आणि मग खांद्याने दार लोटलं. चाळीस मिनिटं. आतून ती सारखी म्हणत होती, "घाई करू नका, मी बरी आहे." तिचा आवाज कापत होता. ती जर आत पडली असती तर तिच्याच अंगाने दरवाजा अडला असता.

त्यानंतर तुमचा तंत्रज्ञ आला, कुलपाच्या कडेवर रंधा मारला, कडेची लाकडी पट्टी जवळजवळ संपवली आणि "आता लागेल व्यवस्थित" म्हणून गेला. चौकटीला हात लावला नाही. खालची कड उघडीच ठेवली. चूक चौकटीची आणि सोलला दरवाजा.

आणि आता आजचा फोन. नाव लिहीत नाही. तुमच्याकडे संभाषण नोंदलेलं असतं, काढून ऐका.

मी सगळं सांगितलं. पलीकडून पहिला प्रश्न आला: "मॅडम, बाथरूममध्ये पाणी सांडतं का?"

मी म्हटलं, बाथरूम आहे.

"नाही, म्हणजे दरवाज्यापर्यंत पाणी येतं का?"

मी म्हटलं, आंघोळ करताना येतं, फरशी धुताना येतं. हा दरवाजा तुम्ही मला बाथरूमसाठी म्हणूनच विकलात, बिलावर 'जलरोधक, बाथरूमसाठी' असं लिहिलं आहे.

"हो मॅडम, पण जलरोधक म्हणजे पाणी लागलं तर पुसून घ्यायचं असतं."

मी कापलेल्या पट्टीबद्दल सांगितलं. सूचनापत्रातलं वाक्य वाचून दाखवलं. थोडा वेळ शांतता. मग विचारलं गेलं: "घरात कुणी वयस्कर आहे का?"

मला वाटलं, आई अडकल्याची नोंद वाचली असेल, चौकशी करताहेत. मी हो म्हटलं. त्यावर: "मग तसंच असेल मॅडम. वयस्कर माणसांना पाणी वापरायचं भान राहत नाही, बादली वगैरे लागते दरवाज्याला. आम्ही 'चुकीचा वापर' अशी नोंद करतो."

फोन स्पीकरवर होता. आई समोर बसली होती. ती काही बोलली नाही, उठून आत गेली. दुपारी मी बघितलं तर ती गुडघे दुखत असताना खाली बसून फडक्याने दरवाज्याची खालची कड पुसत होती.

कुणाच्या मापाची चूक, कुणाच्या करवतीची, कुणाच्या फोमची, आणि पुसत कोण बसलं? ज्या बाईला तुमच्या दरवाज्याने चाळीस मिनिटं कोंडून ठेवलं, तिच्याच नावावर तुम्ही 'चुकीचा वापर' लिहिता? तुमच्या कार्यालयातल्या बाथरूममध्ये कोरडी आंघोळ करतात का?

तुमच्या कंपनीचे दरवाजे माझ्या माहेरच्या घरात २२ वर्षं आहेत. त्यातला एकही घासत नाही. त्या विश्वासावर मी दुसरीकडे चौकशीसुद्धा केली नाही. बाथरूमला दगडी चौकट घ्यावी, डब्ल्यूपीसीची (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक यांच्या मिश्रणाची) घ्यावी की ॲल्युमिनियमची, हे मी तुमच्या विक्रेत्याला विचारलं होतं. तो म्हणाला, आमची लाकडी चौकट सगळीकडे चालते. चालते, पण उभ्यांची टोकं ओल्या मसाल्यात रोवली नाहीत तर. माझ्या चौकटीची रोवली आहेत. खाली दगडाची पट्टी नाही, टोकांना काही लावलेलं नाही. तिथेही पाणी टोकाकडूनच चढतं आहे, खालचा वीतभर भाग काळा पडू लागला आहे. म्हणजे दरवाज्यामागोमाग चौकटही जाणार.

मला दुरुस्ती नको आहे. चौकट काढून नवी बसवा, आणि ती पाण्याने न बिघडणाऱ्या मालाची असू द्या. ती भिंतीत स्क्रूने धरलेली हवी, बिजागऱ्यांमागे भरीव आधार हवा, आणि ओळंबा व दोन्ही कर्ण माझ्यासमोर मोजून कागदावर लिहिलेले हवेत. दरवाजा तयार फरशीवरून माप घेऊन कारखान्यातूनच त्या मापाचा यावा. माझ्या घरात तो पुन्हा करवतीखाली जाता कामा नये. तो बाहेर उघडणारा हवा आणि कुलूप बाहेरून नाण्याने फिरवून उघडता येईल असं हवं. हे काम त्याच फिटरकडून मला नको. आणि तुमच्या नोंदीतला 'चुकीचा वापर' हा शेरा काढून तसं लेखी कळवा. आईची माफी मागायची की नाही, ते तुम्ही ठरवा, पण तो शेरा काढाच.

पट्टी, बिल, सूचनापत्राचं पान, मापांचे फोटो आणि पाचही फोनच्या तारखा माझ्याकडे आहेत. १५ दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर हे सगळं घेऊन मी ग्राहक आयोगाकडे जाईन. कापलेली पट्टी तिथल्या टेबलावर ठेवेन.

सध्या त्या दरवाज्याचं कुलूप आम्ही काढून टाकलं आहे. आई दार नुसतं लोटून घेते आणि आत असेपर्यंत मोठ्याने काहीतरी म्हणत राहते, म्हणजे मला बाहेर ऐकू येतं.

उत्तर माझ्या पत्त्यावर लेखी पाठवा. फोन करू नका.

तुमची ग्राहक
(सही)