दत्ताला, ज्वारीच्या पानाबद्दल

हैदराबाद
२० नोव्हेंबर

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

तू पाठवलेलं कात्रण मिळालं. 'प्रकाशसंश्लेषण सुधारून उत्पादनात तेहतीस टक्के वाढ' असा मथळा आणि समासात तुझ्या अक्षरात प्रश्न : "आमच्या मालदांडीचं कधी करताय हे?" फोनवर सांगायला बसलो असतो तर तू निम्म्यात म्हशींच्या धारा काढायला उठला असतास, म्हणून लिहूनच पाठवतोय.

बातमी खोटी नाही, पण अर्धी आहे. ते काम सोयाबीनवरचं, अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातलं, २०२२ मध्ये छापून आलेलं. भर उन्हात पानाला झेपेल त्याहून जास्त प्रकाश मिळतो. तेव्हा पान जादाचा प्रकाश उष्णता करून बाहेर टाकतं, नाहीतर आतली यंत्रणाच होरपळेल. अडचण अशी की ढग आला, सावली पडली, तरी हे टाकणं लगेच थांबत नाही, काही मिनिटं चालूच राहतं. म्हणजे प्रकाश कमी आणि त्यातलाही थोडा वाया. त्या लोकांनी दुसऱ्या वनस्पतीची तीन जनुकं सोयाबीनमध्ये घालून हे टाकणं झटपट थांबेल असं केलं. एका हंगामात उत्पादन वाढलं, आणि सगळ्यात चांगल्या वाणात ते तेहतीस टक्क्यांपर्यंत गेलं. पुढच्या हंगामात वादळानं पीक लोळलं आणि फरक दिसलाच नाही. ही दुसरी ओळ तुझ्या कात्रणात नाही.

आता आपल्या ज्वारीकडे ये. सोयाबीन, गहू, भात यांच्या पानात कार्बन डायऑक्साइड पकडणारं मुख्य एन्झाइम म्हणजे रुबिस्को. हा रुबिस्को बाजारातल्या गोंधळलेल्या हमालासारखा आहे. हाताला लागेल ते पोतं उचलतो, कार्बनच्या जागी ऑक्सिजनही, आणि मग तो परत उतरवण्यात मजुरी जाते. ऊन तापलं की ही चूक वाढते. ज्वारीनं यावर फार पूर्वी तोड काढली. बाहेरच्या पेशींत पेप कार्बोक्सिलेज नावाचं वेगळं एन्झाइम कार्बन पकडतं आणि त्याला ऑक्सिजनचा मोह अजिबात नाही. पकडलेला कार्बन आतल्या, शिरांना कडं घालून बसलेल्या पेशींत नेऊन सोडला जातो आणि रुबिस्को बसतो तिथे, आत. आजूबाजूला कार्बनच कार्बन, मग चुकायचा प्रश्नच फारसा येत नाही. ऊस, मका, बाजरी यांचंही तसंच. हा मार्ग १९६६ मध्ये ऑस्ट्रेलियात हॅच आणि स्लॅक यांनी उसाच्या पानात उलगडून दाखवला. एकदा आमच्याकडे ये, पानाचा आडवा काप सूक्ष्मदर्शकाखाली दाखवतो. प्रत्येक शिरेभोवती गडद हिरव्या पेशींची अंगठी दिसते. दोन शिरांमध्ये मोजून दोन-तीन पेशींचं अंतर, इतक्या त्या दाटीनं असतात.

मग माझं काम काय? ही यंत्रणा घडवणारी जनुकं सगळ्या ज्वारींत सारखीच आहेत का, हे पाहणं. इथे हैदराबादजवळ पटनचेरूला इक्रिसॅट ही कोरडवाहू पिकांवरची आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था आहे, तिच्या जनुकपेढीत ज्वारीचे चाळीस हजारांहून जास्त नमुने आहेत. इथिओपिया, सुदान, माली, येमेन, आणि आपल्या सोलापूर-विजापूरकडचेही. ज्वारीचा पूर्ण जनुकसंच २००९ मध्ये वाचून झाला. दहा गुणसूत्रं, सुमारे ७३ कोटी अक्षरं. त्यामुळे आता एखाद्या ज्वारीचा डीएनए त्या प्रतीशेजारी ठेवला की कुठे एक अक्षर बदललंय, कुठे तुकडाच गायब आहे, हे दिसतं.

आणि दिसतं ते असं की कार्बन पकडणाऱ्या एन्झाइमांचा गाभा निसर्गानं फार जपलाय. मोक्याच्या जागी एक अमिनो आम्ल बदललं तर एन्झाइम लंगडं होतं, ते रोप मागे पडतं आणि तो बदल पिढ्यांमधून गळून जातो. फरक सापडतात ते बहुतेक जनुकाच्या आजूबाजूला. जनुक कधी चालू व्हावं, किती जोरात, कुठल्या पेशीत, हे ठरवणाऱ्या भागात. भातात याचं छान उदाहरण आहे. मघाशी सांगितलं ते जादा प्रकाश उष्णता करून टाकण्याचं काम एका प्रथिनावर अवलंबून असतं. जपानकडच्या भातात ते जास्त बनतं, आपल्याकडच्या इंडिका भातात कमी. आणि फरक कशामुळे? त्या जनुकाच्या अलीकडे डीएनएचा एक तुकडा घुसलाय का नाही, एवढ्यावरून. प्रथिन तेच, फक्त माप वेगळं. ज्वारीतही तशीच शोधाशोध चालू आहे. नेब्रास्का विद्यापीठातली मंडळी शेतातल्या शेकडो प्रकारच्या ज्वारींच्या पानाच्या चकत्या काढून हेच मोजतात.

आम्हीही मोजतो, पण पान कार्बन किती वेगानं पकडतं ते, आणि दुसऱ्या यंत्रानं. सकाळी नऊनंतर शेतात उभं राहायचं, शेंड्याकडचं पूर्ण उघडलेलं पान यंत्राच्या चिमट्यात धरायचं, दिवा लावायचा आणि आकडा स्थिर होईपर्यंत हात हलू द्यायचा नाही. ओलाव्यातलं निरोगी पान तीस-चाळीसचा आकडा दाखवतं (चौरस मीटरला सेकंदाला इतके मायक्रोमोल कार्बन डायऑक्साइड). ताण पडलेलं दहाच्याही खाली येतं. पर्णरंध्रं मिटलेली असतात, हवाच आत येत नाही, मग जनुकं कितीही उत्तम असोत. डिसेंबरातल्या कडाक्याच्या रात्रीनंतर तर आकडा बराच वेळ वर चढत नाही. मक्यात यामागचं एक कारण माहीत आहे. कार्बनच्या या फेरीतलं एक एन्झाइम चार तुकड्यांचं असतं आणि थंडीत ते तुकडे सुटे होतात. रब्बीच्या ज्वारीचं सगळं आयुष्यच थंडीत जातं, त्यामुळे माझा डोळा या एन्झाइमच्या जनुकावर जरा जास्त आहे.

पण दत्ता, खरं सांगायचं ते पुढेच आहे. पानाचा वेग वाढला म्हणजे पोतं वाढलं, असं होत नाही. १९७० मध्ये इव्हान्स आणि डनस्टन यांनी गव्हाच्या रानटी भाऊबंदांची पानं मोजली, तर तेवढ्याच जागेपुरतं ती पानं आजच्या गव्हापेक्षा जास्त काम करत होती! माणसानं हजारो वर्षं निवडलं ते मोठं पान आणि मोठा दाणा, वेग निवडलाच नाही. आपल्याकडे १९६४ ला सीएसएच-१ हा ज्वारीचा पहिला संकरित वाण आला, खरिपात उत्पादन वाढलं, तेही ताट बुटकं होऊन दाण्याकडे जास्त वाटा गेल्यामुळे. रब्बीत मात्र तुम्ही लोकांनी त्या बुटक्यांना दारातही उभं केलं नाही. कडबा कुठून आणायचा?

रब्बीत पाऊस हस्ताबरोबर संपतो. पुढचे चार महिने काळ्या रानानं पोटात धरून ठेवलेल्या ओलीवरच काढायचे असतात. म्हणून मला वेगापेक्षा पान किती दिवस हिरवं राहतं, हे महत्त्वाचं वाटतं. दाणा चिकात असताना ताट वाळायला लागलं की त्याचं पुढे काय होतं, ते तुला मी सांगायला नको. खडखड्या रोग येतो, बुंधे कुजतात आणि सगळं रान आडवं.

ताणातही हिरवं राहण्याच्या या गुणाची सगळ्यात नावाजलेली ज्वारी बी-३५. ती इथिओपियाच्या ज्वारीपासून निघाली आणि कुळ दुरा, म्हणजे आपल्या मालदांडीचंच. तिच्या गुणसूत्रांवरचे चार भाग या गुणासाठी जबाबदार धरले जातात. गंमत अशी की यातला महत्त्वाचा भाग प्रकाशसंश्लेषणाचा नाहीच. ऑस्ट्रेलियात अँड्र्यू बोरेल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की हे भाग असलेली ज्वारी फुलोऱ्याआधी फुटवे कमी धरते, वरची पानं लहान ठेवते. पाणी वाचतं आणि ते दाणे भरताना कामी येतं. सुगीसाठी आधीच काटकसर!

पटनचेरूला यातले भाग दोन वेगळ्या वाणांत घालून पाहिले. एका वाणात मुळांनी जास्त पाणी ओढलं, दुसऱ्यात तेवढ्याच पाण्यात जास्त काम झालं. तेच भाग, पण घर बदललं की वागणं बदललं. २०११ चा हा निबंध मी नव्या मुलांना पहिल्याच आठवड्यात वाचायला देतो. "एक जनुक घाला, उत्पादन वाढेल" ही भाषा त्यानंतर आपोआप बंद होते.

म्हणून तुझ्या प्रश्नाचं उत्तर : मालदांडीचं "हे" इतक्यात होणार नाही, आणि झालं तरी कात्रणात आहे तसं होणार नाही. मोहोळला स्वातंत्र्याच्या आधी निवडलेली ३५-१, म्हणजे हीच मालदांडी, आज इतक्या वर्षांनीही तुमच्या रानातून हटलेली नाही. राहुरीची वसुधा आली, रेवती आली, परभणीची मोती आली, चांगली आहेत, भारी जमिनीत जास्त देतातही. तरी भाकरीची गोष्ट निघाली की तुम्ही मालदांडीवरच येता. ती नेमकी कशाच्या बळावर टिकली, हे अजून कुणी पूर्ण सोडवलेलं नाही. मला सोडवायचंय.

त्यासाठी तुझी दोन कामं. काकू घरचं जुनं हुरड्याचं बी राखतात ना, ज्यात दुकानातलं कधी मिसळलं नाही? त्यातली दहा-बारा कणसं हवीत. वेगवेगळ्या ताटांची घे, मळू नकोस, प्रत्येक कणीस कागदात स्वतंत्र गुंडाळ. काकूंची परवानगी घेऊनच, आणि बी कुणाचं म्हणून नाव त्यांचंच लागेल, हे त्यांना सांग.

दुसरं, तुझी ज्वारी आता पोटरीत यायला लागली असेल. त्या बियाच्या पट्ट्यातली वीस ताटं आणि मालदांडीची वीस, सुतळी बांधून ठेव. जानेवारीच्या शेवटाकडे दाणा सोलून बुडाशी बघत जा. तिथे काळा ठिपका आला की दाण्यात आता काही भर पडत नाही. त्या दिवशी प्रत्येक ताटाची किती पानं हिरवी आणि किती वाळलेली, तेवढं वहीत लिही. अर्धं पान वाळलं असेल तर अर्धंच धर. चिकटा पडला असेल, माशी लागली असेल तर तेही नोंद. वहीचे फोटो पाठवलेस तरी चालेल.

काकूंना नमस्कार, वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
विनायक