परदेशी मुलांची ओळख सीझनपुरतीच का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आम्ही गोव्यात मांद्र्याला राहतो, किनाऱ्यापासून चालत दहा मिनिटांवर. दर वर्षी नोव्हेंबर आला की मोरजी, मांद्रे, हरमल, केरी या सगळ्या पट्ट्यात परदेशी कुटुंबं येऊन राहतात, चार दिवस फिरायला येणारे वेगळे, मी म्हणतेय ते घर भाड्याने घेऊन मार्चपर्यंत राहणारे, आणि त्यांच्यासोबत सात-आठ ते बारा वर्षांची मुलं असतात. ही मुलं आपल्याच पदेराकडून पाव घेतात, आपल्याच वाड्यावर सायकल फिरवतात, पण आपल्या मुलांशी त्यांचं बोलणं म्हणजे लांबून हाय आणि बाय. मोठ्यांचं तर भाडं आणि बिल एवढंच.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत माझी नऊ वर्षांची मुलगी बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीवर, सागरगोटे खेळत बसलेली, तिच्या पणजीने जमवलेले आहेत ते, राखाडी गुळगुळीत, वापरून वापरून चकाकी आलेले. शेजारी भाड्याने राहायला आलेली कझाकस्तानची एक मुलगी पायरीवर येऊन बघत बसली, मग न विचारताच जवळ सरकली, सातातले दोन बाजूला ठेवले आणि पाच घेऊन खेळायला लागली. एक वर उडवायचा आणि तो खाली यायच्या आत जमिनीवरचा उचलायचा, आधी एकेक, मग दोन-दोन, मग तीन आणि एक, मग चारही एकदम. माझी मुलगी ओरडलीच, आई हिला येतं! संध्याकाळी तिच्या आईने मोबाईलवर भाषांतर करून दाखवलं, त्यांच्याकडे या खेळाला बेस तास म्हणतात, बेस म्हणजे पाच आणि तास म्हणजे दगड. कोरियातली मुलंही असंच पाच खड्यांनी खेळतात हे मला नंतर कळलं. त्यानंतर तीन आठवडे रोज दोघी तिथेच, एकीला दुसरीची भाषा येत नाही तरी भांडणं पण व्हायची, हाताला लागला की नाही लागला यावरून.

मार्चमध्ये ती लोकं गेली. पत्ता कोणी घेतलाच नाही, चूक माझीच. चवथीला मुलगी विचारत होती की माटोळीचा, म्हणजे गणपतीवर टांगतो त्या फळाफुलांच्या मांडणीचा, फोटो तिला कसा पाठवायचा, माझ्याकडे उत्तर नव्हतं.

म्हणून मी इथल्या एका शाळेत जाऊन विचारलं की रविवारी एक तास या मुलांना एकत्र बसवता येईल का. तिथे सांगितलं की परवानगी कोण देणार, काही झालं तर जबाबदारी कोणाची. त्यांची काळजी खोटी नाही, लहान मुलांचा विषय आहे. पण त्यावर उपाय आहेत ना. पंचायतीचा हॉल घ्यायचा, दोन्हीकडच्या मुलांचे पालक हजर पाहिजेत, फोटो कोणी काढायचे नाहीत, मुलांनी एकमेकांना फोन नंबर द्यायचे नाहीत, आणि नंतरची पत्रं शाळेच्या नाहीतर वाचनालयाच्या पत्त्यावर मागवायची.

आणि बसवून भाषणं नकोत, हे मला फार वाटतं. आपली संस्कृती, त्यांची संस्कृती असं स्टेजवर दाखवलं की मुलं कंटाळतात, हातात करायला काहीतरी पाहिजे. 2025 च्या नोव्हेंबरात बुद्धिबळाचा वर्ल्ड कप आपल्या गोव्यातच झाला, 206 खेळाडू आले होते आणि जिंकला उझबेकिस्तानचा एकोणीस वर्षांचा मुलगा, तर दोन-चार पट मांडले तरी सुरुवात होईल. मोरजीला तेंबवाड्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, तीच जात ओडिशात आणि तिकडे कोस्टारिकात पण येते, हे सगळ्या मुलांनी मिळून लांबून, वनखात्याच्या माणसासोबत बघता येईल. सागरगोट्याचं बी सुद्धा पाण्यावर तरंगत कुठच्या कुठे जातं, स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या बेटांवर वाहून आलेल्या असल्या बिया लोक ताईत म्हणून जपायचे.

हे काही नवीन नाही. डोरिस ॲलन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1951 मध्ये सिनसिनाटीत वेगवेगळ्या देशांच्या अकरा वर्षांच्या मुलांचं शिबिर घेतलं, महायुद्ध संपून फार वर्षं झाली नव्हती. अकरा वर्षंच का, तर मुलाला आपल्या घरचं वळण सांगता येतं पण दुसऱ्याबद्दल मन अजून घट्ट झालेलं नसतं. सीआयएसव्ही ही अशी शिबिरं घेणारी संस्था त्यांच्याच कामातून उभी राहिली. आपल्याला तर विमानाचं तिकीट पण नको, मुलं वाड्यावर येऊन राहिलेली आहेत.

सीझन संपल्यावर पण संबंध ठेवता येतो. कझाकस्तानात 2024 पासून सगळीकडे एकच वेळ आहे, आपल्यापेक्षा फक्त अर्धा तास मागे, म्हणजे शाळेच्या वेळेत वर्गातल्या स्क्रीनवर, बाई समोर असताना बोलणं आरामात होईल. आणि पत्रं तर पाहिजेतच, माझ्या मुलीने अजून एकदाही पाकिटावर तिकीट चिकटवलेलं नाही.

पुढच्या ग्रामसभेत मी हॉलचा विषय मांडणार आहे, रविवारी चार ते साडेपाच. मोरजी, हरमल, केरीच्या पालकांनी आपापल्या पंचायतीत मांडावा, आणि ज्यांच्या घरात परदेशी कुटुंब भाड्याने आहे त्यांनी ते जायच्या आधी एवढं तरी विचारावं की पत्र कुठल्या पत्त्यावर टाकायचं.

आपली,
एक पालक, मांद्रे-पेडणे